निखळलेला खांदा आणि शेतकऱ्याचा हात

आपल्या जुन्नर-आंबेगांव भागांत बैलपोळा बहुतेक गांवीं भाद्रपदी अमावास्येस होतो, व त्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी असते. वर्षभर जूं वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्यास त्या दिवशीं ऊन पाण्यानें शेकून हळद व तूप चोळतात. वर्षांतून एक दिवस कां होईना, धन्याचें लक्ष जनावराच्या खांद्याकडे जातें. धन्याच्या स्वतःच्या खांद्यासाठीं मात्र पंचांगांत कोणतीच तिथि नेमलेली नाहीं. तो दुखला तर तेल लावावें, निखळला तर हाडवैद्याकडून बसवून घ्यावा, आणि आठव्या दिवशीं पुन्हां कासरा हातीं धरावा, असा सर्वत्र परिपाठ आहे. ह्या परिपाठांतील ही शेवटची पायरीच कित्येक तरुण शेतकऱ्यांच्या हाताचें कायमचें नुकसान करते, असें माझें मत झालें आहे. सांधा जागेवर बसला म्हणजे तो बरा झाला असें नव्हे, एवढीच गोष्ट ह्या लेखांत सांगावयाची आहे. परंतु ती नीट पटण्यास खांद्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

बैलाच्या ज्या भागास आपण खांदा म्हणतों तो वास्तविक मानेचा, वशिंडापुढचा भाग होय. खरा खांद्याचा सांधा त्याच्या खालीं, पुढच्या पायाच्या मुळाशीं असतो. त्यानें अंगाचा भार तोलावयाचा व पाय मुख्यतः पुढें-मागें न्यावयाचा, एवढेंच त्याचें काम. बैलास गळ्याखालचें आडवें हाड मुळींच नसतें. त्याचें धड दोन पुढच्या पायांच्या मध्यें स्नायूंच्या झोळींत टांगल्यासारखें असतें. माणसाच्या खांद्यावर अंगाचा भार नाहीं, पण त्याच्याकडे सोंपविलेलीं कामें पाहा. ज्वारीच्या राखणीस गोफण फिरवावयाची, गवताचा भारा डोक्यावर घ्यावयाचा, फांदी धरून झाडावर चढावयाचें, पाठ खाजवावयाची. शरीरांतील दुसरा कोणताहि सांधा इतक्या दिशांनीं फिरत नाहीं. ह्या मोकळेपणाची किंमत त्यास द्यावी लागते, व ती अशी कीं, मोठ्या सांध्यांपैकीं सर्वांत अधिक वेळां निखळणारा सांधा हाच होय.

मांडीचा सांधा उखळींत बसविलेल्या मुसळासारखा खोल असतो. खांद्याचें तसें नाहीं. दंडाच्या हाडाचें वरचें टोंक चेंडूसारखें वाटोळें आहे, पण पाठीच्या फऱ्याच्या हाडावर त्यासाठीं जी वाटी आहे ती इतकी उथळ कीं, एका वेळीं त्या गोळ्याचा तिसरा किंवा चौथा हिस्साच तिला लागून असतो. बशीवर लिंबू ठेवावें तसा हा प्रकार आहे. लिंबू घरंगळूं नये म्हणून वाटीच्या भोंवतीं कूर्चेची एक कड असते. शेताच्या बांधासारखी ती वाटीची खोली वाढविते. सांध्याभोंवतीं चिवट पडद्याची पिशवी व बळकट बंध असतात, आणि त्यावरून चार लहान स्नायु गोळ्यास चोहोंकडून वाटीशीं दाबून धरतात. थोडक्यांत सांगावयाचें तर, ह्या सांध्याची मदार हाडांवर कमी व मांसावर अधिक आहे.

आणखी एक गोष्ट. आपण हात सरळ डोक्यावर नेतों तेव्हां तो सगळाच ह्या सांध्यांतून वर जात नाहीं. सुमारें दोन हिस्से हालचाल सांध्यांत होते व एक हिस्सा फऱ्याचें हाड बरगड्यांवरून सरकल्यानें होते. म्हणजे १८० अंशांपैकीं १२० एकाचे, ६० दुसऱ्याचे. सांधा अस्थिर झाला म्हणजे ही वांटणी बिघडते; तें पुढें येईलच.

खांदा निखळतो तो शेंकडा नव्वदांहून अधिक वेळां पुढच्या बाजूस. हात बाजूस वर उचललेला असावा, तळहात बाहेरच्या अंगास वळलेला असावा, आणि त्याच वेळीं हातास मागें हिसका बसावा, कीं गोळा वाटीच्या पुढच्या कडेवरून उतरतो. आतां हीच स्थिति शेतकऱ्याच्या वाट्यास किती वेळां येते तें पाहावें. नवा गोऱ्हा शिकवितांना तो उधळला व कासरा मनगटास गुंडाळलेला असला, तर हेंच होतें. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ पासून न्यायालयाच्या परवानगीनें पुन्हां सुरू झाल्या, व मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा वैध ठरविला. तेव्हांपासून आपल्या घाटांतून पुन्हां गर्दी लोटते. बैल चांगले कीं वाईट, शर्यत असावी कीं नसावी, हा वाद येथें नको. परंतु गाडा सुटेपर्यंत बिथरलेले बैल आवरून धरणाऱ्या पोरांचे हात कोणत्या स्थितींत असतात हें एकदां कोणी पाहावें. कासरा मनगटास न गुंडाळतां मुठींत धरावा, म्हणजे वेळीं सोडतां येतो, एवढें तरी त्यांस सांगण्यासारखें आहे.

पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यांत, भीमाशंकराच्या बाजूस व जुन्नरच्या आदिवासी गांवांत, उन्हाळ्यांत बाळहिरडा काढण्यास लोक झाडावर चढतात. पाय निसटला व वरची फांदी हातांत राहिली, तर सारें अंग एका हातावर लोंबकळतें. अशा वेळीं क्वचित् गोळा खालच्या बाजूस उतरतो. हा प्रकार फार विरळा, पण ओळखण्यास सोपा: रोग्याचा हात डोक्यावर उभा राहतो व खालीं घेतां येत नाहीं. लोकांस तें विचित्र वाटून कोणी हात ओढून खालीं आणूं पाहतो. तसें कदापि करूं नये. ह्या प्रकारांत शिरा व मज्जातंतु ह्यांस इजा होण्याचें भय मोठें असतें.

तिसरा प्रकार मागच्या बाजूस निखळण्याचा, व तो बहुतेक दोन कारणांनीं होतो. एक अपस्माराचा झटका, दुसरें विजेचा धक्का. विहिरीवरील मोटारीचा धक्का बसून मनुष्य वांचला, कीं घरचीं माणसें देवास नारळ फोडतात व खांदा दुखतो म्हणून शेक देतात. धक्क्यानें आखडलेले स्नायूच गोळा मागें ढकलतात, पडण्याची सुद्धां आवश्यकता नसते. समोरून घेतलेल्या एका एक्स-रे चित्रांत हें निखळणें कित्येकदां दिसत नाहीं. विजेच्या धक्क्यानंतर ज्याचा तळहात बाहेरच्या अंगास वळतच नाहीं, त्याच्या खांद्याचें चित्र बाजूनेंहि काढून घ्यावें, असें डॉक्टरांस आवर्जून सांगावें.

आतां ज्या गोष्टीवरून हा विषय माझ्या मनांत घोळूं लागला ती सांगतों. मीना नदीच्या कांठच्या एका गांवीं माझ्या परिचयाचें एक कुटुंब आहे. दोन-अडीच एकर बागाईत, घरांत कर्ता मुलगा एकच. त्याच्या एकोणिसाव्या वर्षीं गोऱ्ह्यानें हिसका दिला व उजवा खांदा निखळला. शेजारच्या दोघांनीं हात ओढून तो बसविला. वेदना तात्काळ थांबली, सर्वांस आनंद झाला, आणि आठव्या दिवशीं मुलगा पाणी धरण्यास गेला. चार महिन्यांनीं माळ्यावर कडब्याची पेंढी फेंकतांना खांदा दुसऱ्यानें उतरला. तिसऱ्यानें उतरला तो अंगांतला सदरा डोक्यावरून काढतांना. पुढें तर झोपेंत हात उशाशीं गेला तरी सांधा सुटूं लागला, व तो स्वतःच दुसऱ्या हातानें तो बसवूं लागला. रात्रीं मनगट करगोट्यास बांधून निजण्याची त्यानें संवय लावून घेतली. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचें वीस किलोचें क्रेट गाडीवर चढवावयाचें तर मजूर लावावा लागे. धडधाकट दिसणारा मुलगा बाजूस उभा. लोक त्यास आळशी म्हणत. ह्या शब्दानें त्यास जितकें लागलें तितकें खांद्यानें लागलें नसावें.

असें कां होतें? पहिल्या वेळीं गोळा पुढें उतरतांना वाटीची ती कूर्चेची कड हाडापासून सुटते. लंडन येथील शस्त्रवैद्य बँकार्ट ह्यांनीं १९२३ सालीं हें दाखवून दिलें कीं, वारंवार निखळणाऱ्या खांद्याचें मूळ ह्या सुटलेल्या कडेंत आहे. पुढें १९४० सालीं हिल व सॅक्स ह्या दोन क्ष-किरण तज्ज्ञांनीं दुसरी बाजू पुढें मांडली: बाहेर आलेला गोळा वाटीच्या कडेवर आपटून त्याच्या मागच्या अंगास खोंच पडते. जितक्या वेळां निखळेल तितकी खोंच मोठी व वाटीची कड झिजलेली. बांध फुटला, पाणी तर परत वाफ्यांत घेतलें, पण बांधास माती घातली नाहीं. मग पुढच्या पाळीस पाणी त्याच खांडींतून जाणार हें कोणत्याहि शेतकऱ्यास सांगावयास नको.

येथें वयाचा विचार फार महत्त्वाचा आहे, व आपल्या समजुतीच्या तो नेमका उलट आहे. तरण्या हाडाचें लवकर भरून येतें असें आपण म्हणतों. मोडलेल्या हाडाविषयीं तें खरें. निखळलेल्या खांद्याविषयीं नव्हे. पहिलें निखळणें विशीच्या आंत झालें असेल तर तें पुन्हां होण्याचा संभव सर्वांत अधिक. वय वाढेल तसा तो कमी होतो. तरीहि प्रत्येकाचा खांदा बिघडतोच असें नाहीं. स्वीडनमध्यें १९७८-७९ सालीं पहिल्यानें खांदा निखळलेल्या अडीचशेंवर रुग्णांवर पंचवीस वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. त्यांपैकीं बारा ते पंचवीस वयाच्या, शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांत सुमारें निम्म्यांचे खांदे एक तर पुन्हां निखळले नाहींत, अथवा कालांतरानें आपोआप स्थिर झाले. म्हणून पहिल्याच वेळीं शस्त्रक्रियेस धांवावें असें कोणी समजूं नये, आणि घाबरूंहि नये. चाळिशीपुढील माणसाचें दुःख निराळें. त्याचा सांधा पुन्हां सुटण्याचें भय कमी, पण निखळतांना त्या चार स्नायूंच्या दोऱ्या फाटण्याचा संभव अधिक. खांदा बसविल्यावर दोन-तीन आठवड्यांनींहि ज्या प्रौढ माणसास हात वर नेतां येत नाहीं, त्यानें "वयामुळें" म्हणून स्वस्थ बसूं नये. त्या दोऱ्यांची तपासणी करून घ्यावी.

अस्थिर खांद्याचा हालचालीवर होणारा परिणाम दोन टप्प्यांनीं येतो. पहिल्या टप्प्यांत सांधा ढिला असतो, पण माणूस ताठ होतो. हात बाजूस उचलून बाहेर वळवितांच "आतां सुटणार" अशी भीति वाटते, म्हणून तो ती हालचालच टाळतो. गोफण सुटली, कुऱ्हाड सुटली, पेंढी वर फेंकणें सुटलें. न वापरलेले स्नायु वाळतात, खांद्याची गोलाई उतरते. सांध्यांतून होईना तेवढें काम फऱ्याच्या हाडाकडून करून घेण्याची शरीर खटपट करतें. मग तें हाड पाठीवर पंखासारखें उचललें जातें, मान आखडते, आणि बिचारा मनुष्य मानेस तेल चोळीत बसतो. दुसऱ्या टप्प्यांत, वर्षानुवर्षें घासून घासून, सांध्याचा गुळगुळीतपणा जातो व जो खांदा एके काळीं अति ढिला होता तोच संधिवातानें गंजलेल्या बिजागरीसारखा होतो. ढिलेपणा व ताठरपणा हीं एकमेकांच्या विरुद्ध टोंकांचीं दुखणीं आहेत असें वाटतें. पुष्कळदां तें एकच दुखणें निरनिराळ्या वयांत भेटलेलें असतें.

हाडवैद्यांविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. त्यांच्यांत कसबी माणसें आहेत हें मी नाकारीत नाहीं. खांदा बसविण्याची विद्या आपल्या देशांत जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत कांखेंत मुसळ घालून वर उचलावें व सांधा जागीं आल्यावर स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधावी असें सांगितलें आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसाच्या परंपरेंत कांखेंत टांच देऊन हात ओढीत. स्वित्झर्लंडांतील कोखर ह्यांनीं १८७० सालीं हात वळवून बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. म्हणजे बसविणें हें पूर्वींहि येत होतें. जें येत नव्हतें तें आंत पाहणें. निखळण्याबरोबर दंडाचें हाड मोडलें आहे काय, हें बोटांनीं चांचपून निश्चित कळत नाहीं, व मोडलेल्या हाडावर ओढाताण झाली तर साधें दुखणें अवघड होतें. दुसरें, सांध्याच्या खालून एक मज्जातंतु जातो. त्यास दुखापत झाली असेल तर खांद्याच्या बाहेरील अंगावर वाटीएवढ्या जागेस स्पर्श कळत नाहीं. बसविण्यापूर्वीं व नंतर ही जागा तपासून लिहून ठेवावी, हा डॉक्टरांचा नियम आहे. हाडवैद्यांपैकीं कोणी तें करतो असें माझ्या पाहण्यांत नाहीं.

तेव्हां खांदा निखळल्यास काय करावें? हात ज्या स्थितींत सोसवतो त्याच स्थितींत ठेवून उपरणें किंवा चादरीची घडी आधारास बांधावी. ओढूं नये, चोळूं नये. भूल देण्याची वेळ येऊं शकते म्हणून चहा किंवा खाणें देऊं नये. आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर रुग्णालय गांठावें. वेळ जाईल तसतसे स्नायु आखडतात व बसविणें कठीण होतें. जुन्नर, नारायणगांव व घोडेगांव येथें ग्रामीण रुग्णालयें आहेत, मंचर येथें उपजिल्हा रुग्णालय आहे. निघण्यापूर्वीं एक्स-रे काढणारा मनुष्य हजर आहे काय, हें दूरध्वनीवरून विचारून घेतल्यास एक हेलपाटा वांचतो. कित्येक आठवडे निखळलेलाच राहिलेला जुना खांदा मात्र कोणी गांवांत ओढून बसवूं म्हणेल तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. त्यास बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

बसविल्यानंतरचा काल हाच खरा उपचाराचा काल. तरुणांस साधारण दोन-तीन आठवडे हात झोळींत ठेवावयास सांगतात; प्रौढांस त्याहून कमी, कारण त्यांचा सांधा लवकर आखडतो. झोळींत असतांनाहि बोटें, मनगट व कोंपर हालवीत राहावें. पुढें व्यायाम. आरंभीं कमरेंत वांकून हात लोलकासारखा सैल झुलवावयाचा, मग भिंतीवर बोटें चढवीत न्यावयाचीं, आणि शेवटीं त्या चार स्नायूंस व फऱ्याभोंवतालच्या स्नायूंस बळ आणणारे व्यायाम, रबरी पट्टा ओढणें इत्यादि. हे व्यायामतज्ज्ञाकडून एकदां तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावे. हात बाजूस उचलून बाहेर वळविणें सुमारें सहा आठवडे वर्ज्य, व ओझें उचलणें, बैल धरणें हीं कामें साधारण तीन महिनेपर्यंत. तीन महिने! हा आंकडा ऐकतांच शेतकरी हंसतो हें मला ठाऊक आहे. कांदा काढणीस आला असतां तीन महिने घरीं कोण बसणार? पण हिशेब मांडून पाहावा. वर सांगितलेल्या मुलाच्या घरीं तीन महिन्यांची मजुरी वांचली आणि पुढें तीन वर्षें मजूर लावावा लागला.

त्या मुलावर शेवटीं पुण्यास शस्त्रक्रिया झाली. सुटलेली कड पुन्हां हाडास बसविणें ही एक रीत, व ती हल्लीं दुर्बिणीनें लहान छिद्रांतून करतात. वाटीचें हाडच फार झिजलें असेल तर जवळच्या हाडाचा एक तुकडा तेथें आणून बसवितात. ही रीत फ्रान्सांतील लातार्जे ह्यांनीं १९५४ सालीं वर्णिली. त्याच्यावर ही दुसरी रीत करावी लागली. आज तो क्रेट उचलतो. बाहेरच्या अंगास हात पूर्वींपेक्षां थोडा कमी वळतो, त्याची त्यास फिकीर नाहीं. पहिल्या वर्षींच दाखविला असता तर बहुधा लहान कामांत भागलें असतें, असें त्यास डॉक्टरांनीं सांगितलें.

कांहीं मुलांचे दोन्ही खांदे जन्मतःच ढिले असतात व शाळेंत ते गंमत म्हणून खांदा काढून दाखवितात. अशांस मारहाण झालेली नसते, दुखतहि नसतें. त्यांस शस्त्रक्रियेचा उपयोग कमी व व्यायामाचा अधिक. आणि ती गंमत मात्र घरच्यांनीं बंद करवावी.

जातां जातां दप्तराची एक गोष्ट. महसूल खात्यांतील नोकरींत अपघाताचे कागद पुष्कळ नजरेखालून गेले. त्यांत खांद्याच्या दुखापतीस बहुधा एकच शब्द असे, "हातास मुका मार." राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत मृत्यूस दोन लक्ष व एक अवयव अथवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास एक लक्ष रुपये आहेत, परंतु जो हात दिसण्यास शाबूत आहे व वेळ आली कीं सुटतो, त्याचें घर त्या तक्त्यांत नाहीं. तरीहि कागद जपावेत. पहिल्या एक्स-रेचें चित्र, तारीख, कोणत्या बाजूचा खांदा, कशानें निखळला, कोणीं बसविला व मागाहून किती वेळां सुटला, हें एका वहींत लिहून ठेवावें. शस्त्रवैद्य पहिल्याच भेटींत हेच प्रश्न विचारतो, व बहुतेक रोग्यांस तिसऱ्या वेळेपुढची मोजदाद सांगतां येत नाहीं.